घाटाची सायकल, वाऱ्याची सायकल

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा मान वेगळा ठेवलाय, कारण घाट आधी चढणारा आणि पुण्यात आधी पोहोचणारा एकच असेल असं नाही. चढाला हलका गडी पुढे सरकतो, सपाटीला दांडगा. मग दोघांनी एकाच तऱ्हेची सायकल का घ्यावी? आज रेसची सायकल घेताना हा प्रश्न कुणीही विचारतं. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत मात्र स्वारांना तो विचारायची मुभाच बराच काळ नव्हती.

टूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते शर्यत म्हणजे माणसाच्या स्नायूंची परीक्षा, तिथे गिअर बदलायचं यंत्र नको. दुसरीकडे फ्रान्समधल्याच सेंट एटिएनचे पॉल द विव्ही 'वेलोसिओ' या टोपणनावाने वर्षानुवर्षं गिअरची बाजू मांडत होते. सायकलने माणसाच्या ताकदीशी जुळवून घ्यावं, असं त्यांचं सांगणं. देग्रांज यांचा शब्द चालला. 1910 मध्ये टूर पिरेनीज पर्वतात शिरली, 2,115 मीटर उंचीचा तुरमाले घाट आला, तरी नियम तोच राहिला.

त्या काळच्या स्वाराकडे उपाय एकच होता. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक दातेरी चक्र असायचं, सपाटीसाठी लहान, चढासाठी मोठं. पायथ्याशी उतरायचं, पाकळ्यांचे नट सैल करायचे, चाक काढून उलटं फिरवायचं, चेन चढवून तिला ताण द्यायचा, चाक सरळ बसलंय ना ते बघायचं, नट आवळायचे आणि पुन्हा पेडलवर पाय. माथ्यावर पोहोचलं की हेच सगळं परत. चाक लवकर फिरवलं तर उरलेल्या सपाटीवर पाय नुसतेच गरगर फिरणार, उशीर केला तर अवजड गिअर रेटून मांड्या भरून येणार. आपल्या पायांत किती जीव आहे याचा हिशोब स्वाराला रस्त्यातच करावा लागे. सायकल स्वाराप्रमाणे बदलण्याची सुरुवात मी इथेच मानतो.

1927 मध्ये इटलीतल्या क्रोचे दाउने घाटात तुल्लिओ काम्पान्योलो नावाच्या स्वाराचे हात थंडीने इतके बधिर झाले की ते नटच सुटेनात, अशी कथा सांगतात. कथेत भर किती पडली असेल ती असो. एका खटक्यात चाक मोकळं करणाऱ्या त्यांच्या तरफेने पुढे जग व्यापलं आणि 1933 मध्ये व्हिचेन्झा गावी त्यांचा कारखाना उभा राहिला. टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्राला 1937 मध्ये परवानगी मिळाली. तोवर देग्रांज यांनी सूत्रं सोडली होती. त्या वर्षी जिंकलेल्या रॉजे लापेबींच्या सायकलीला गिअर होते.

पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष वजनावर. एडी मर्क्स यांनी 1972 मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर कापले, तेव्हा एर्नेस्तो कोल्नागो यांनी घडवलेली त्यांची सायकल सहा किलोंच्याही आत होती. 1984 मध्ये त्याच शहरात फ्रांचेस्को मोझर यांनी 51.151 किलोमीटरचा विक्रम केला, तो त्याहून जड सायकलीवर. हवा कापता यावी म्हणून तिची चाकं भरीव तबकडीसारखी होती. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे पुस्तकातलं गणित सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

तरी बरेच जण बधले नाहीत. 1989 च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटर एकेकट्याने धावायचं होतं. ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लॉराँ फिन्याँपेक्षा 50 सेकंद मागे होते. ट्रायथलॉनवाल्यांसारखं पुढे निघालेलं हँडल लावून, कोपर जवळ घेऊन, वाकून ते सुटले. फिन्याँ साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने. लेमाँड यांनी फिन्याँपेक्षा 58 सेकंद कमी घेतले आणि तीन आठवड्यांची शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. हवेचा बहुतेक अडथळा सायकलीचा नसतो, स्वाराच्या शरीराचा असतो. त्या हँडलने शरीरालाच वाऱ्यातून बाजूला घेतलं होतं.

2000 पासून सायकलिंगची जागतिक संघटना युसीआयने सायकलीचं किमान वजन 6.8 किलो ठरवलं. कार्बनच्या फ्रेम त्या मर्यादेला टेकल्यावर आणखी हलकं होण्यात अर्थ उरला नाही आणि कारखाने वाऱ्याकडे वळले. चढाची हलकी सायकल वेगळी, वेगवान सपाटीची एअरो, म्हणजे हवा कापणारी, वेगळी, अशा जोड्या दुकानांत आल्या. 2020 मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीने आपल्या टारमॅक या रेसच्या सायकलीचं नवं मॉडेल आणताना ही फारकत मोडली. एकाच सायकलीत दोन्ही गुण आणल्याचा त्यांचा दावा होता. इतरांचीही पावलं त्याच दिशेने पडली.

आपल्याकडे सायकल घेणारा अजून आधी ती एका हाताने उचलून बघतो. मला हे पटत नाही. स्वार आणि सायकल मिळून 75 किलो धरले, तर किलोभर वजन घटवून तासाभराच्या खड्या चढात पाऊण मिनिटाच्या आसपास वाचतं. ऐंशी किलोंच्या गड्याला बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी जो खडा चढ लागतो, तिथे त्याला पुढे 34 दातांचं आणि मागेही 34 दातांचं चक्र मिळालं तर तो बसल्या जागी पाय फिरवत वर जातो. ते नसेल तर पेडलवर उभा राहून झोकांड्या खातो, मग फ्रेम कितीही हलकी असो. दुकानात शिरल्यावर पहिली नजर मागच्या चाकाच्या मोठ्या चक्रावर जायला हवी. किमतीची चिठ्ठी नंतर बघता येईल.