डाव्या पायाचा खेळाडू कोणाचा? नाशिकरोडच्या एका वादाची पार्श्वभूमी

नाशिकरोडच्या बाजूचा एक जुना फुटबॉल क्लब आपल्या पावसाळी स्पर्धेच्या करंडकाला दिवंगत डाव्या विंगरचं, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणाऱ्या आपल्या जुन्या खेळाडूचं नाव देतोय. नावाला कोणाचीही हरकत नाही. वाद आहे तो फलकावर लावायच्या फोटोचा. क्लबच्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सीतला फोटो लावायचा, की ज्या आस्थापनेत त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली तिच्या संघाच्या जर्सीतला? क्लबचे जुने समर्थक म्हणतात, पोरगा आमच्या मैदानावर घडला. आस्थापनेतले त्यांचे निवृत्त सहकारी म्हणतात, मोठे सामने ते आमच्याकडून खेळले. दोघांचंही खरं आहे. या भांडणाची मुळं चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहेत आणि तो निर्णय समजायचा तर नाशिकमध्ये फुटबॉल कोणाच्या जिवावर चालत होता, हे आधी सांगावं लागतं.

जिल्ह्यात हा खेळ आला तो छावणी आणि रेल्वेच्या वाटेने. देवळाली कॅम्पात गोरे सैनिक खेळायचे, इगतपुरी आणि मनमाडच्या रेल्वे वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबांची मुलं खेळायची. कुंपणाबाहेर उभं राहून पाहणाऱ्या आसपासच्या पोरांनी तो उचलला. स्वातंत्र्यानंतर कॅम्पात तोफखान्याचे संघ राहिले आणि स्थानिक पोरांना तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. त्या काळाबद्दल इतकं पुरे.

खरा बदल कारखान्यांनी घडवला. नाशिकरोडला १९२० च्या दशकातच सरकारी छापखाने आले होते. तिकिटं आधी, मग १९२८ पासून नोटा. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला आणि १९७० मध्ये एकलहऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. अशा मोठ्या आस्थापनांमागोमाग वसाहत यायची, वसाहतीत मैदान यायचं आणि मैदानाला संघ लागायचा. गावठाणातल्या क्लबकडे खेळाडू होते, पैसा नव्हता. आस्थापनांकडे पैसा होता, बूट होते, बस होती आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पगार होता.

इथे कोल्हापूरशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. तिथे खेळाडू पेठेचा आणि तालमीचा. तो नोकरीला कुठेही लागो, रविवारी शाहू स्टेडियमवर तो तालमीच्याच रंगात उतरणार, हे गृहीत असतं. नाशिकमध्ये पेठांनी असं काही उभं केलं नाही. पंचवटीचा किंवा जुन्या नाशिकचा तरुण कुस्ती, कबड्डी, खो-खो यांत रमला. फुटबॉल राहिला नाशिकरोड, देवळाली आणि कारखान्यांच्या वसाहतींपुरता. त्यामुळे इथला चांगला खेळाडू विसाव्या-बाविसाव्या वर्षी अपरिहार्यपणे एखाद्या खात्याचा होऊन जायचा. समर्थकांनी ते कधी मनापासून स्वीकारलं नाही, आणि ज्याला मैदानावर वाढताना पाहिलं त्याच्या बाबतीत तर नाहीच नाही.

केंद्र सरकारने ४ ऑगस्ट १९८० च्या आदेशाने गुणवंत खेळाडूंना क आणि ड गटांतल्या पदांवर थेट घ्यायची वाट नीट आखून दिली. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत, विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा राज्याच्या शालेय संघातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळलेला मुलगा त्यात बसत असे. ‘खेळाडूच्या कोट्यातून लागला’ हे वाक्य त्यानंतर घराघरांत ऐकू येऊ लागलं. नोकरी मिळाली की सरावासाठी लवकर सुटका, मोठ्या स्पर्धांसाठी विशेष किरकोळ रजा, असे फायदे असत. त्या बदल्यात आपल्या संघातून खेळणं आलंच, आणि बाहेरच्या संघातून उतरायचं तर ना हरकत पत्र आलं. यात गैर काही नव्हतं. जो पगार देतो तो खेळही मागणार. अडचण व्हायची ती खुल्या स्पर्धेत, जिथे क्लब आणि आस्थापना एकाच ड्रॉमध्ये असत.

हा खेळाडू आस्थापनेत लागला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे, घरात खाणारी तोंडं सहा. क्लबने स्पर्धेसाठी दिलेल्या अठरा जणांच्या यादीत त्यांचं नाव आधीच गेलं होतं, सहीसकट. पहिल्या फेरीचा सामना ते क्लबकडून खेळले आणि क्लब जिंकला. त्यानंतरच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र हातात पडलं. उपांत्य फेरीत क्लबची गाठ पडली नेमकी त्याच आस्थापनेच्या संघाशी, आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आस्थापनेने त्यांचं नाव आपल्या यादीत घालून स्पर्धा समितीकडे पत्र दिलं.

समितीच्या नियमावलीत दोन कलमं होती. एका कलमानुसार एका स्पर्धेत खेळाडू एकाच संघाकडून खेळेल. दुसऱ्यानुसार नोकरीतला खेळाडू आस्थापनेच्या परवानगीशिवाय बाहेरच्या संघाकडून खेळणार नाही. ही दोन कलमं एकमेकांवर आदळली तर कोणतं वर, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हंगाम कधी सुरू होतो, हेही लिहिलेलं नव्हतं. क्लब म्हणत होता, पहिला पाऊस पडला, सामने सुरू झाले, सही झाली, तोच हंगाम. आस्थापनेचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि खेळाडूची नोंद त्या वर्षाशी बांधलेली. या दोन पंचांगांच्या मध्ये एक माणूस अडकला.

समितीने त्याच रात्री निकाल दिला. नेमणूक झाली त्या दिवशी क्लबची नोंद आपोआप संपली, सबब उद्या तो आस्थापनेकडून खेळेल. हे ऐकताच पहिल्या फेरीत हरलेल्या संघानेही अर्ज टाकला. एकाच स्पर्धेत तो दोन संघांकडून उतरणार असेल तर आमच्याविरुद्धचा सामना बाद धरा आणि पुन्हा खेळवा, अशी त्यांची मागणी होती. तो अर्ज समितीने फेटाळला, कारण त्या दिवशी क्लबची नोंद वैध होती. म्हणजे एकच सही एका सामन्याला धरली आणि पुढच्याला सोडली.

माझ्या मते तो निकाल चुकीचा होता. एका स्पर्धेत एक संघ, हे कलम स्पर्धा निकोप राहावी म्हणून असतं. नोकरीचं कलम म्हणजे मालक आणि नोकर यांच्यातली गोष्ट. स्पर्धा समितीने पहिलं कलम राखायचं होतं. त्यात खेळाडू आस्थापनेकडूनही खेळला नसता आणि परवानगी नसेल तर क्लबकडूनही नाही. तो बाहेर बसला असता, दोन्ही बाजूंची सारखीच हळहळ झाली असती आणि चाळीस वर्षांचं मनातलं किल्मिष टळलं असतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. समितीत बसलेली माणसं बिनपगारी राबणारी होती. मैदान, चुना, जाळ्या, पंचांचं मानधन यांतला बराचसा भार आस्थापनाच उचलत होत्या. त्यांचा संघ रागावून निघून गेला असता तर पुढच्या वर्षी स्पर्धा भरली असती का, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

खेळाडूला मात्र कोणी काही विचारलं नाही. परिविक्षा काळ नुकताच सुरू झालेला, कायम झाल्याचा कागद हातात यायचा बाकी. त्याने नाही म्हणायला हवं होतं, असं आजही काही जण म्हणतात. हमालाच्या घरात आलेली पहिली पक्की नोकरी पणाला लावून नाही म्हणायचं, ही अपेक्षा करणाऱ्यांनी त्या घराचा उंबरा कधी ओलांडला होता का, असा प्रश्न पडतो.

तो सामना आस्थापनेने १-० ने जिंकला, आणि गोल आला याच खेळाडूने मारलेल्या कॉर्नरवरून. आठवणी फुटतात त्या इथे. काळी माती, आदल्या रात्रीपासूनची झड, गोलसमोर घोट्याएवढा चिखल. उजव्या कोपऱ्यावरून डाव्या पायाने मारलेला चेंडू आत वळतो, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. रस्त्याच्या बाजूला उभे असलेले लोक सांगतात की त्यांनी तो मुद्दाम सैल टाकला, गोलीच्या हातात जावा म्हणून, आणि गोलीच घसरला. गोलच्या मागे उभे असलेले सांगतात की तो नेहमीसारखाच जवळच्या खांबावर वाकडा आला, गोलीची मूठ चुकली आणि मागून आलेल्याने डोकं लावलं. दोन्हीकडची माणसं शपथेवर सांगतात. मला दुसरी बाजू खरी वाटते. कॉर्नर मारण्याआधी ते चेंडू जर्सीच्या पोटावर पुसायचे, व्हॉल्व्ह आपल्याकडे येईल असा ठेवायचे, काडीने स्टडमधला चिखल काढायचे आणि मगच चार पावलं मागे जायचे. त्या दिवशीही त्यांनी हे सगळं केलं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. सैल टाकायचा असता तर काडी कोण शोधेल?

क्लबने निषेध म्हणून पुढची दोन वर्षं स्पर्धेत भाग घेतला नाही. या खेळाडूच्या नावाने तेव्हा क्लबच्या समर्थकांत बरंच वाईटसाईट बोललं गेलं, ‘फितूर’पर्यंत. तरी तीच माणसं पुढे त्यांचे सगळ्यांत कट्टर चाहते झाली, याचं कारण रविवार सकाळ. क्लबकडून खेळायला परवानगी लागत होती, पोरांना शिकवायला लागत नव्हती. निवृत्तीच्या कितीतरी पुढेपर्यंत ते क्लबच्या मैदानावर येत राहिले. कुंपणाच्या भिंतीवर खडूने चौकोन काढायचे आणि पोराला ज्या पायाने येत नाही त्याच पायाने मारायला लावायचे. उजव्याला डावा, डावखुऱ्याला उजवा. ‘मामा, आज तरी चांगल्या पायाने मारू द्या,’ अशी विनवणी करणारी पोरं आज पन्नाशीत आहेत आणि फोटोच्या वादात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच आहे.

आस्थापनेतल्या सहकाऱ्यांच्या आठवणी वेगळ्या आणि तितक्याच जिव्हाळ्याच्या. पहिल्या पाळीची ड्यूटी करून दुपारी सरावाला येणारा माणूस. मुंबईला कूपरेज मैदानावर सामना असला की सकाळची पंचवटी एक्सप्रेस आणि डबे भरून पोळी-भाजी. सामना बघायला गेलेले समर्थक परतीची पंचवटी गाठायची म्हणून दुसरा हाफ अर्धा टाकून पळायचे आणि निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी खेळाडूंकडूनच कळायचा.

१९८६ च्या जूनमध्ये दूरदर्शनवर मेक्सिकोतला विश्वचषक रात्री जागून पाहिला गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात मैदानावरची पोरं दुप्पट झाली. गर्दी वाढली खरी, पण संघ वाढले नाहीत. नव्वदच्या दशकात मोठ्या आस्थापनांची भरती आटली आणि खेळाडूंची सगळ्यांत आधी. जुने निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. संघ पस्तिशीचे झाले, मग फक्त आंतरविभागीय सामन्यांपुरते उरले, मग तेही थांबले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणाला जागाच नव्हती. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडली. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईतला एका मोठ्या वाहन कंपनीचा संघही २०१० मध्ये गुंडाळला गेला.

राज्य सरकारने २००५ मध्ये खेळाडूंसाठी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आणलं. पण त्या वाटेने लागलेल्या मुलाने विभागाच्या संघातून खेळावं, अशी सोयच उरली नव्हती, कारण बहुतेक ठिकाणी संघच नव्हते. नोकरी मिळाली की खेळ सुटायला लागला. ज्यांच्यावर क्लब सोडल्याचा ठपका आला ते निदान आयुष्यभर खेळले, हे फोटोच्या वादात दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावं.

आज गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथे तासावर भाड्याने मिळणारे टर्फ आहेत, रात्री दिव्यांच्या उजेडात तिथे पाच-पाच जणांचे सामने होतात. अकादम्या आहेत, पालक फी भरतात, मुलं युरोपातल्या क्लबांच्या जर्सी घालतात. मोकळी मैदानं मात्र प्रदर्शनं, सभा आणि पार्किंग यांच्या कचाट्यात सापडली आहेत. पट्ट्यांच्या जर्सीचा क्लब टिकला तो तेरा आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या संघांवर. शिकवणारे बहुतेक रविवारच्या त्या भिंतीवर घडलेले आहेत.

नियमांच्या बाजूने सांगायचं तर ज्या पोकळीतून तो निकाल निघाला ती आता बरीचशी भरली आहे. खेळाडूची नोंद ऑनलाइन होते, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो, एका वेळी एकाच क्लबकडे नाव राहतं आणि नोंदणीची मुदत आधी जाहीर होते. हंगाम चालू असताना दुसरीकडे जायचं तर जुन्या क्लबची संमती लागते. त्या रात्री समितीच्या टेबलावर आस्थापनेचं पत्र होतं, क्लबची यादी होती, हरलेल्या संघाचा अर्ज होता. क्लबने खेळाडूला मोकळं केलं की नाही, हे विचारणारा कागद नव्हता. आता तो भरल्याशिवाय नाव पुढे सरकत नाही.