व्यक्तिकेंद्री स्मृतिभ्रंश शुश्रूषा आणि कामाची परिस्थिती

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या माणसाचे पूर्वायुष्य, सवयी, नातीगोती आणि आजची मनःस्थिती ओळखून केलेल्या शुश्रूषेला व्यक्तिकेंद्री शुश्रूषा म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड (१९३७–९८) यांनी ब्रॅडफर्ड येथे ही कल्पना विकसित केली. घाई करणे, फसवणे, लहान मुलासारखे वागवणे, माणसादेखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलणे, असे वर्तन त्यांनी घातक ठरवले. मात्र तसे वागणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही, हेही बजावले. ही घाई बहुतेक वेळा ड्यूटीच्या तक्त्यातून येते.

कोल्हापुरात सहज कल्पिता येईल असे उदाहरण घेऊ. तरुणपणी तालमीत राहिलेले, लाल मातीत घडलेले एक आबा शुश्रूषाकेंद्रात पहाटे चारला उठतात आणि दार ठोठावतात. त्यांच्या देहाच्या हिशेबी ही जोर-बैठकांची वेळ आहे. रात्रपाळीला एकच मावशी. तिला अंथरुणाला खिळलेल्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचे असते, डायपर बदलायचे असतात, सकाळच्या आंघोळींची तयारी करायची असते. आबांना हाताला धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, कपभर दूध दिले, तर ते कदाचित शांत होतील, हे तिला कळते. पण तेवढ्या वेळात दुसरे कोणी खाटेवरून पडले तर जाब तिलाच द्यावा लागतो. मग आबांच्या फाइलवर ‘रात्री त्रास देतात’ अशी नोंद होते आणि शांत ठेवणारी मनोविकारविरोधी गोळी सुरू होते.

ही गोळी निरुपद्रवी नसते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीतील औषधांबाबत दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. ब्रिटनमधील १२ शुश्रूषाकेंद्रांवरील २००६ च्या चाचणीत, जिथे कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि आधार मिळाला तिथे वर्षअखेरीस २३ टक्के रहिवासी अशी औषधे घेत होते. इतर केंद्रांत हे प्रमाण ४२ टक्के होते. एका दुपारचे व्याख्यान आणि प्रमाणपत्र यांतून असा फरक पडण्याची आशा धरू नये.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाची मागणी जास्त आणि ते कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. मावशी आणि वॉर्डबॉय यांची जागा नेमकी हीच. केंद्रातल्या एक आक्का आमटीत कुस्करलेली भाकरीच खातात, बिस्किटे थुंकतात, हे मावशीला ठाऊक असते. नाश्त्याची वेळ किंवा पदार्थ बदलणे तिच्या हाती नसते. फाइलमध्ये बीपी, शुगर लिहिली जाते, भाकरीचे कोणी लिहीत नाही. माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेली मावशी थोड्या जास्त पगारासाठी दुसरीकडे गेली की ही माहितीही जाते, आणि आक्का पुढच्या बाईसाठी ‘सात नंबर’ होतात. त्यात उचल-ठेव करून धरलेली कंबर, रुग्णाने मारणे-चावणे, आणि शी-शू काढण्याच्या कामाकडे समाजाची जातीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय. शेवटच्या गोष्टीची दखल पाश्चात्त्य संशोधनात सहसा सापडणार नाही, पण इथे ती वगळून चालत नाही.

बारा तासांच्या पाळीत रात्रीचा बदल आठच्या सुमारास होतो. स्मृतिभ्रंशात बेचैनी वाढण्याची वेळही संध्याकाळची. करवीर-पन्हाळ्याच्या गावी परतायचे असेल तर एसटीचे वेळापत्रक पाळीपेक्षा कडक असते. अशा वेळी ‘आज कोण कसे होते’ हे सांगणे राहून जाते. दोन्ही पाळ्यांचे लोक एकत्र हजर असतील अशी पंधरा पगारी मिनिटे, ठरावीक रहिवाशांसाठी ठरावीक कर्मचारी आणि खाण्या-झोपण्याच्या वेळा बदलण्याची मुभा, हे उपाय साधे असले तरी त्यांना माणसे आणि पैसे लागतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बहुतेकांची देखभाल घरीच होते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. त्या १५० जणांमागे किती कर्मचारी असावेत, याचा आकडा कायद्याच्या कलमात दिलेला नाही.