चंद्रावरील वीज आणि स्थानिक साधनसंपत्ती

चंद्रावर दीर्घकाळ मुक्काम करायचा तर वीज तिथेच तयार करावी लागेल, आणि पाणी, ऑक्सिजन, इंधन व बांधकामाचे साहित्यही होईल तितके तिथल्याच माती-बर्फातून काढावे लागेल. ही दोन कामे आराखड्यात वेगळी दाखवतात. प्रत्यक्षात एकावाचून दुसरे अडते.

पहिली अडचण रात्रीची. ध्रुवांपासून दूर चंद्रावरची रात्र सुमारे १४ दिवसांची असते आणि तापमान उणे १३० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चांद्रयान-३चे विक्रम आणि प्रज्ञान अशा पहिल्याच रात्रीनंतर पुन्हा जागे झाले नाहीत. म्हणून दक्षिण ध्रुवाची ओढ. तिथल्या शॅकल्टन विवराच्या काठावर वर्षातला बहुतेक काळ ऊन असते. सूर्य क्षितिजालगतच फिरत असल्याने पॅनेल मात्र उंच खांबावर उभी लावावी लागतात.

बर्फ नेमका उन्हात नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये नासाच्या एलक्रॉस मोहिमेने कॅबियस विवराच्या कायम अंधाऱ्या तळावर रॉकेटचा टप्पा आदळवला. उडालेल्या मातीत वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी आढळले. म्हणजे वीज काठावर, पाणी तळाशी, आणि मध्ये कित्येक किलोमीटर केबल.

दुसरा पर्याय छोट्या अणुभट्टीचा. तिची प्राथमिक चाचणी २०१८ मध्ये अमेरिकेतील नेवाडात झाली. तिथेही उष्णता टाकायची कुठे, हा प्रश्न उरतोच. २०१५ साली परळीच्या औष्णिक केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला सांगायला नको. चंद्रावर तर हवाही नाही; सगळी उष्णता रुंद पत्र्यांवरून अवकाशात सोडून द्यावी लागते.

चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश बेसाल्टचे आहेत. वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडकही बेसाल्टच. जालना जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, बुलढाण्यातले लोणार विवर अशाच खडकात उल्काघाताने झाले असल्याने चांद्रविज्ञानाचे अभ्यासक तिथे येतात. पण आपल्याकडे पाऊस-वाऱ्याने या खडकाची काळी माती झाली. चंद्रावर त्याचा नुसता चुरा झाला: काचेसारखे धारदार कण, जे सांध्यांत शिरतात आणि पॅनेलला चिकटतात.

या चुऱ्यात वजनाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, पण खनिजांत घट्ट बांधलेला. इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे खनिज हायड्रोजनसोबत तापवले की पाणी मिळते, त्याचे विद्युत-विघटन केले की ऑक्सिजन. दुसरी पद्धत म्हणजे माती वितळवून तिच्यातून थेट वीज सोडणे. यात धातूही हाती लागतो. दोन्हींना वीज भरपूर लागते. शिवाय इल्मेनाइट काळ्या प्रदेशांत जास्त, ध्रुवाकडच्या डोंगराळ भागात कमी. बर्फ, ऊन आणि इल्मेनाइट एकाच ठिकाणी दाखवणारी चित्रे त्यामुळे जपूनच पाहावीत.

उन्हाचे काठ मोजकेच आहेत. १९६७च्या अवकाश करारानुसार चंद्राच्या कोणत्याही भागावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. मात्र आधी उभ्या राहिलेल्या पॅनेलची लांबलचक सावली दुसऱ्याच्या पॅनेलवर पडली तर काय, हे त्या करारात लिहिलेले नाही.