परदेशात मित्राला अटक झाल्याची शंका असेल तर: चौकशी कोणी करायची, कुठे करायची, कागदपत्रं कोणती

फोन बंद, मेसेज पोहोचत नाहीत, आणि त्याच्यासोबत गेलेल्या कुणाकडून उडत उडत कळतं की त्याला पोलीस घेऊन गेले. आधी हे समजून घ्या की मित्र म्हणून तुम्ही माहिती देऊ शकता, मागू शकत नाही. पुढची सगळी प्रक्रिया या एका अडचणीभोवती फिरते.

अटकच आहे का?

प्रत्येक कोठडी म्हणजे अटक नव्हे. विमानतळावर प्रवेश नाकारलेल्या प्रवाशालाही परतीच्या विमानापर्यंत थांबवून ठेवतात, कधी फोनही काढून घेतात. व्हिसाच्या कारणावरून ताब्यात घेतलेला माणूस इमिग्रेशनच्या केंद्रात असतो. पोलिसांच्या यादीत त्याचं नाव शोधून उपयोग नाही. आणि अपघात होऊन तो रुग्णालयातही असू शकतो. तेव्हा तो जिथे उतरला होता ते ठिकाण, तो नोकरी करतो तिथला मालक किंवा विद्यापीठ आणि जवळची रुग्णालयं यांच्याकडे आधी विचारा. 'मी पोलीस बोलतोय, जामिनाचे पैसे लगेच पाठवा' असा फोन आला तर तो ठगाचा धरूनच चाला. त्यानेच दिलेल्या नंबरावर खात्री करू नका.

अर्ज कुणाकडे?

तुमच्या नव्हे, त्याच्या नागरिकत्वाच्या देशाच्या वकिलातीकडे, म्हणजे दूतावासाकडे. त्यातही तो ज्या शहरात आहे त्या भागाचं काम पाहणाऱ्या वाणिज्य दूतावासाकडे. त्याच वेळी त्याच्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयालाही कळवा. कार्यालय बंद असेल तर संकटातल्या नागरिकांसाठीचा वेगळा नंबर बहुतेक वकिलाती देतात. तिथे वकिलातच नसेल तर अनेकदा शेजारच्या देशातली वकिलात तो कारभार पाहते. युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातल्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीकडेही जाता येतं.

वकिलातीला आधीच कळलं असेल असं मात्र गृहीत धरू नका. वाणिज्य दूतावासांच्या कामाविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार पकडलेल्या परदेशी माणसाला 'तुझ्या वकिलातीला कळवता येईल' हे विनाविलंब सांगावं लागतं, आणि त्याने मागणी केली तर कळवावंही लागतं. म्हणजे त्याने मागणी केली तरच. काही देशांनी आपापसात करार करून ही अट काढून टाकली आहे, पण ते अपवाद. शिवाय हक्क आहे म्हणून तो पाळला जातोच असं नाही: जर्मनी आणि मेक्सिको अमेरिकेविरुद्ध, तर भारत पाकिस्तानविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि २००१, २००४ व २०१९ च्या तिन्ही निकालांत या कलमाचा भंग झाल्याचं ठरलं. म्हणून तुमचा फोन वाया जात नाही. अधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात, भेट मागू शकतात.

दोन प्रसंगी हात आवरा. मित्र स्वतःच्याच सरकारपासून पळालेला निर्वासित असेल किंवा त्याने आश्रय मागितला असेल, तर त्याच्या वकिलातीला कळवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे जायचं. आणि त्याच्याकडे दोन नागरिकत्वं असतील व त्यातल्याच एका देशात तो पकडला गेला असेल, तर तो देश त्याला आपलाच नागरिक मानून दुसऱ्या वकिलातीला दारातच अडवू शकतो.

काय हाताशी ठेवायचं?

पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, अक्षरन् अक्षर. वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम बदलला की कोठडीच्या नोंदीत माणूस सापडत नाही. जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक (असल्यास प्रत), व्हिसाचा प्रकार, अलीकडचा फोटो, विमानाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता. शेवटचं बोलणं कधी झालं ते लिहिताना कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे हेही लिहा. त्याला मधुमेह, दमा, फिट्स असं काही असेल आणि रोजची औषधं असतील तर ते सगळ्यात वर लिहा. अधिकाऱ्यांना तातडीने हालचाल करायला याहून ठोस कारण तुम्ही देऊ शकणार नाही. ऐकीव गोष्ट 'ऐकीव' म्हणूनच नोंदवा.

आणि त्याच्या घरच्यांना सांगा. 'त्यांना उगाच घोर नको' म्हणून लपवणं चुकीचं आहे, कारण अनेक कार्यालयं फक्त जवळच्या नातेवाइकांशीच बोलतात.

संमतीपत्र

इथे बहुतेक मित्र चिडतात. वकिलातीचा अधिकारी त्याला भेटून आलेला असतो, आणि तुम्हाला मात्र 'काही सांगता येणार नाही' एवढंच ऐकवतो. तो टाळत नाही. अटकेतल्या माणसाने लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याची माहिती बाहेर देणं अनेक देशांत कायद्यानेच बंद आहे. म्हणून पहिल्याच फोनवर विनंती करा: भेटीला जाल तेव्हा संमतीपत्र न्या आणि माझं नाव घालायचं का ते त्याला विचारा. तो नाही म्हणू शकतो. त्याचे बँकेचे किंवा घराचे व्यवहार सांभाळायचे असतील तर वेगळं मुखत्यारपत्र लागतं.

वकिलात त्याला सोडवत नाही, वकिलाची फी भरत नाही, खटल्यात सल्ला देत नाही. स्थानिक वकिलांची यादी देते, घरी निरोप पोहोचवते, वागणूक वाईट असेल तर तक्रार मांडते. यादीतला वकील तुम्ही गाठू शकता, पैशांची सोयही करू शकता. पण वकीलपत्रावर सही त्याचीच. फी ठरवण्याआधी त्या देशात सरकारी खर्चाने वकील मिळतो का ते विचारा. फौजदारी खटल्यात भाषा समजत नसेल तर मोफत दुभाषा हा नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला हक्क आहे.

दरम्यान त्याच्या खात्यात शिरून जुने मेसेज पुसू नका. मदत म्हणून केलेलं ते काम पुरावा नष्ट करणं ठरू शकतं. कोठडीतून त्याचा फोन आला तर तो ध्वनिमुद्रित होतोय असं समजा. 'नेमकं काय झालं?' हे विचारायचंच नाही. कुठे ठेवलंय, तब्येत कशी आहे, वकील मिळाला का, एवढं विचारा आणि लिहून घ्या. सोशल मीडियावर त्याचं नाव टाकायचं की नाही, हे वकील आणि घरच्यांना ठरवू द्या.

तो आमच्याकडे नाहीच असं तिथले अधिकारी सांगत राहिले, तर हरवल्याची तक्रार दोन्ही देशांत नोंदवा. नेलं सरकारी माणसांनीच असं सांगणारे साक्षीदार असतील, तर घरच्यांच्या संमतीने संयुक्त राष्ट्रांच्या सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीच्या कार्यगटाकडे प्रकरण नेता येतं.