बेळगावातला एचआर: मुकादमापासून नव्या कायद्यापर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काम कमी झालं की बातमी आधी चहाच्या टपरीवर पोचते, नोटीस बोर्डावर मागाहून. पुण्याच्या गिऱ्हाईकानं शेड्यूल कापलं, हे डिस्पॅचवाला बोलून जातो, फेटलिंगची, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारी, पोरं ऐकतात आणि दुसरी पाळी सुटेपर्यंत जवळच्या मच्छे-पिरनवाडीत 'कंपनी बंद पडणार' असं होऊन बसतं. एचआरवाला, म्हणजे कारखान्यात माणसांचं बघणारा, बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलेलं नसतं. पडत्या काळात एचआरनं पुढे व्हायचं म्हणजे आधी ही पिछाडी भरून काढायची, आणि ती आजकालची नाही.

पूर्वी गिरण्यांत माणूस लावणं आणि काढणं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात असे. नोकरीसाठी त्याचा हात ओला करावा लागे. कामगारांची स्थिती पाहायला 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं 1931 च्या अहवालात यावर बोट ठेवलं आणि भरती मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या, असं सुचवलं. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 49 नं 500 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

हा 500 चा आकडा इथे महत्त्वाचा. गोकाक फॉल्सची सूतगिरणी 1880 च्या दशकातली. अशा मोठ्या ठिकाणी हे पद रुजायला वाव होता. उद्यमबागेतल्या लहान फौंड्र्या आणि मशिन शॉपना मात्र या कलमानं हात लावलाच नाही. तिथे जुना फोरमनच माणसं आणायचा, आपल्या गावची, आपल्या भावकीतली. मुकादम गेला असं कागदावर म्हणायचं, एवढंच.

मोठ्या जगात तोवर वारं बदललं होतं. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनतज्ज्ञांच्या सल्ल्यानं लार्सन अँड टुब्रोनं 1970 च्या दशकाच्या मध्यात मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग उभा केला. लहान कारखान्यांत ही भाषा आली ती, माझ्या मते, गिऱ्हाईकांच्या ऑडिटमधून. ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवा, कुणाला कुठलं काम येतं याचा तक्ता, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, भिंतीवर लावा. फाइल सांभाळायला एक माणूस ठेवला, त्याच्या टेबलावर 'एचआर' पाटी लागली. मंदीत कामगारांपुढे उभं राहायचं, हे त्याच्या कामात कुणी लिहिलंच नव्हतं.

त्यात हा सीमाभाग. 1946 च्या स्थायी आदेश कायद्यात एक वाक्य होतं: नोकरीचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावावेत. इतर जिल्ह्यांत हे वाक्य कुणी दोनदा वाचत नसे. इथे मोल्डिंगला खानापूरचा मराठी गडी, मशिन शॉपला बैलहोंगलचा कन्नड पोरगा, ठेकेदाराकडे बिहारचा. ले-ऑफची, म्हणजे काम नसल्यानं तात्पुरतं घरी बसवण्याची, नोटीस एकाच भाषेत लागली तर निम्म्यांना ती शेजाऱ्याकडून कळते, आणि शेजारी आपल्या पदरचं घालतोच. वर एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, आला, बंदची हाक आली की कुणाला कुठल्या वाटेनं आणायचं, हेही एचआरच्याच माथी.

सगळ्यात मोठा कस लागला 2019 ते 2021 मध्ये. 2019 ला वाहन उद्योग घसरला, ऑगस्टात पुरानं महामार्ग बंद पाडला. पाठोपाठ 25 मार्च 2020 ला टाळेबंदी. 29 मार्चला केंद्रानं पूर्ण पगार द्या म्हणून आदेश काढला आणि 18 मेपासून तो मागे घेतला. मधल्या दिवसांत लहान मालकाकडे पैसा नव्हता आणि एचआरकडे उत्तर. चंदगड तालुक्यातले कामगार शिनोळीच्या सीमेपलीकडे अडकले. घर महाराष्ट्रात, हजेरी कर्नाटकात. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकानं आरटीपीसीआर सक्तीची केली. रोज ये-जा करणाऱ्या मोल्डरनं रिपोर्ट किती वेळा काढायचा? हा प्रश्न मालकाला नाही, एचआरला विचारला जायचा. ज्यानं स्वतः फोन फिरवले, 'पगार निम्माच मिळेल, पण सात तारखेला मिळेल' असं तोंडावर सांगितलं, त्याचं वजन वाढलं. फोन बंद ठेवून बसलेल्याला नंतर माणसं जमवताना घाम फुटला.

अनिश्चितता अजून सरलेली नाही. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं आणि ओरड होताच स्थगित ठेवलं. चंदगडचा माणूस 'स्थानिक' धरायचा की नाही, ही धाकधूक इथे तेवढ्यापुरतीही खरी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं आहे. स्थायी आदेशांची सक्ती मात्र आता 300 कामगारांपासून, आणि कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादाही 100 वरून 300 वर गेली. लहान फौंड्रीला ती आधीही लागत नव्हती. नवं आहे ते कपात झालेल्या कामगारासाठी: भरपाई वेगळी, तिच्यावर शेवटच्या पगाराच्या 15 दिवसांइतकी रक्कम मालकानं कामगारांच्या पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात पडायची. हे त्याला टपरीवर कुणी सांगणार नाही. एचआरनंच सांगायला हवं, त्याला कळेल त्या भाषेत.