ट्रॉम्बेचे जड पाणी

मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसाचे असो की भातसाचे, त्यातल्या सुमारे 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. तो ड्युटेरियम. पिताना तो जाणवत नाही, एवढ्या प्रमाणात त्याचा अपायही नाही. भारताच्या अणुकार्यक्रमाने जी वाट धरली, तिच्या मुळाशी मात्र हा विरळ अणू आहे.

पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून 1780च्या दशकात स्पष्ट झाले. 1800 मध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी विजेच्या प्रवाहाने त्याचे दोन वायू वेगळे केले. एच-टू-ओ हे सूत्र रूढ व्हायला पुढे आणखी साठेक वर्षे लागली. मग 1931 मध्ये अमेरिकेत हॅरल्ड युरी यांना हायड्रोजनचे हे जड भावंड सापडले. दोनच वर्षांत गिल्बर्ट लुईस यांनी जवळजवळ शुद्ध जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले पाणी, मिळवले. त्यांची रीत विद्युत अपघटनाची होती: हलका हायड्रोजन आधी निघून जातो, जड मागे रेंगाळतो.

हे पाणी 3.8 अंश सेल्सिअसला गोठते आणि 101.4 अंशांना उकळते. घनता सुमारे 11 टक्क्यांनी जास्त, त्यामुळे त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. पण अणुभट्टीला त्याचा एक वेगळाच गुण हवा असतो. युरेनियमचे अणू फुटत राहावेत म्हणून भट्टीतले न्यूट्रॉन मंद करावे लागतात. साधे पाणी ते काम उत्तम करते, मात्र त्यातला हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळूनही टाकतो. त्यामुळे साध्या पाण्याच्या भट्टीला समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियम-235 चे प्रमाण वाढवलेले युरेनियम, लागते. ड्युटेरियम न्यूट्रॉन फारच कमी गिळतो. म्हणून जड पाण्यात नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालते, जरी त्यात युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असले तरी.

मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात हे दोन्ही मार्ग एकाच आवारात दिसले. 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झालेली अप्सरा ही भट्टी साध्या पाण्याच्या तलावातली. तिचे समृद्ध इंधन ब्रिटनहून आले होते. 1960 मध्ये कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली सायरस नैसर्गिक युरेनियमची. तिचे जड पाणी अमेरिकेने दिले. समृद्धीकरणाची सोय नसलेल्या देशाला दुसरी वाटच परवडणारी होती, आणि होमी भाभा यांनी ती निवडली. माझ्या मते त्या काळातला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय. इंधन बाहेरून मागायचे की पाणी घरी बनवायचे, असा तो प्रश्न होता. पाणी घरी बनवता येते. 1962 मध्ये भाक्राच्या विजेवर नांगलला पहिला कारखाना सुरू झाला. पुढे अलिबागजवळच्या थळला खत कारखान्याच्या वायूतून ड्युटेरियम वेगळा काढू लागले.

सायरसच्याच प्लुटोनियमवर 1974 ची पोखरण चाचणी झाली. त्यानंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले, पण जड पाण्याच्या भट्ट्यांचे काम इथल्या अभियंत्यांनी पुढे नेले. 1985 ची ध्रुव ही ट्रॉम्बेची मोठी भट्टी त्यांनी स्वबळावर बांधली. तिच्यात न्यूट्रॉन मंद करायला आणि उष्णता वाहून न्यायलाही जड पाणीच आहे.

इंधन जळते, तसे हे पाणी संपत नाही. मात्र दमट हवेशी संपर्क आला की हवेतल्या बाष्पाशी अणूंची अदलाबदल होऊन त्याची शुद्धता घसरते. म्हणून ते हवाबंद ठेवावे लागते, आणि गळून गोळा झालेले पाणी पुन्हा शुद्ध करून भट्टीत परत घालतात.