सोडियम इलेक्ट्रॉन खुशीने देत नाही

शाळेत मिठाचा बंध दोन वाक्यांत उरकतात. सोडियमची इलेक्ट्रॉन मांडणी आतून बाहेर, कक्षेगणिक 2, 8, 1 आणि क्लोरीनची 2, 8, 7. एकाने एक इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, दोघांचीही अष्टके, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण. मांडणी बरोबर आहे, पण अष्टकाच्या ओढीने सोडियम इलेक्ट्रॉन सोडतो हे काही खरे नाही.

हिशोबच मांडू. एक मोल (रसायनशास्त्रातले अणू मोजायचे ठरावीक माप) वायुरूप सोडियम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला 496 किलोज्यूल लागतात. क्लोरीनच्या अणूंनी ते स्वीकारले की 349 परत मिळतात. म्हणजे इथेच 147 चा तोटा. शिवाय घन सोडियमचे अणू सुटे करायला 107 आणि क्लोरीनचे रेणू फोडायला 122. एकूण तूट 376 किलोज्यूल.

ती भरून निघते स्फटिक रचला जाताना. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे प्रभारित अणू) सहा क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचे आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, शेजाऱ्यांत अंतर 282 पिकोमीटर. विरुद्ध प्रभारांच्या या जवळिकीतून 787 किलोज्यूल बाहेर पडतात. तूट वजा जाता 411 उरतात, म्हणून मीठ टिकते.

यात मिठाचा सुटा रेणू कुठेच नाही. NaCl हे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगते. लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या मदतीने 1913 मध्ये ही रचना दाखवली, तरी हेन्री आर्मस्ट्राँग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांना ती 1927 मध्येही पटत नव्हती. बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून टर उडवली.

आयन असल्याचा पुरावा घरी मिळतो. 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि पेन्सिलची दोन शिसे एकसरीत जोडा. शिसांची टोके कोरड्या मिठात खुपसली तर एलईडी पेटत नाही. आयन आहेत, पण जागचे हलू शकत नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साखर विरघळवली तरीही नाही, कारण तिचे रेणू सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधांनी बांधलेले आणि प्रभाररहित असतात. कपभर पाण्यात चमचाभर मीठ घाला, लगेच पेटतो.

प्रयोग फसतो तो बहुधा पाण्यामुळे. नळाच्या पाण्यात मुळातच क्षार असल्याने एलईडी साखरेच्या पाण्यातही मंद पेटू शकतो. पावसाळ्यात मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड ओल शोषते, तेव्हा मीठ आधी तव्यावर भाजून गार करा. काहीच पेटले नाही तर एलईडीचे पाय उलटे जोडलेत का, पाहा. शिसांऐवजी तांब्याच्या तारा नकोत. धन टोकाकडचे तांबे झिजून द्रावण गढूळ होते. शिसे वापरली तरी धन टोकाशी थोडा क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा आणि काही सेकंदांतच बॅटरी काढा.

पाण्याशिवायही आयन मोकळे होतात, पण त्यासाठी मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळवावे लागते. सोडियम धातू अशाच वितळलेल्या मिठातून वीज सोडून काढतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळले की मिश्रण 600 अंशांच्या आसपासच पातळ राहते.